मदत हवी आहे: जुनी 58 सीसी चेन सॉ गरम झाली की रेस आपोआप चढते

मी नाशिकला जुन्या चेन सॉ घेऊन, दुरुस्त करून विकतो. सध्या हातात एक बिनब्रँडची 58 सीसी, 22 इंची बारवाली आहे. थंड असताना पहिल्या-दुसऱ्या दोरीला चालू होते, बाभळीचं खोडही छान कापते. गरम झाली की ट्रिगर सोडल्यावरही रेस खाली येत नाही, चेन फिरतच राहते. मशीन क्लचच्या बाजूला आडवी केली की रेस आणखी चढते. दुसऱ्या बाजूला नाही.

कार्बोरेटर साफ करून डायफ्राम किट नवीन टाकलं. पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, प्लग बदलले. ट्रिगरची तार अडकत नाही. मिश्रण ताजं, लिटरला 40 मिली टू-टी ऑईल. सायलेन्सर काढून पिस्टन पाहिला, ओरखडे नाहीत. दोरी धरून मशीन लोंबकळत सोडली तर हळूहळू खाली येते, म्हणजे कॉम्प्रेशन ठीक वाटतं. एल स्क्रू (कमी रेसला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) थोडा उघडला की तात्पुरती सुधारते, पण ते औषध नव्हे. हवा कुठून तरी आत ओढतेय आणि अशीच चालवली तर पिस्टन जाम होणार.

गिऱ्हाईक दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार आहेत, त्यामुळे दोष ठेवून मशीन द्यायची नाही. प्रेशर टेस्टचा (इंजिनात हवा भरून गळती शोधायचा) पंप माझ्याकडे नाही.

क्लचकडचं क्रँक सील (क्रँकच्या दांड्याभोवतीचं, हवा आत येऊ न देणारं रबर) गेलंय की कार्बोरेटरमागचं इनटेक रबर (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं), हे इंजिन न खोलता पक्कं कसं ओळखायचं? आणि सीलच असेल तर क्रँककेस न फोडता बाहेरून बदलता येतं का?