शब्दचर्चा: ‘कोरीवकाम’, ‘उत्कीर्णन’ की ‘अम्लरेखन’?

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४३ सालच्या ‘तीन झाडे’ या, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राची ओळख लिहिताना मी ‘तांब्यावरचं कोरीवकाम’ असं लिहिलं. मैत्रिणीने ते खोडलं. म्हणाली, कोरीवकाम म्हणजे वेरूळ, नाहीतर देव्हाऱ्याची महिरप. मग एन्ग्रेव्हिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यात रेघा कोरून त्यावरून चित्र छापण्याला, काय म्हणायचं?

— मैत्रिणीचं मला पटतं. कोरीवकाम म्हटलं की उठाव डोळ्यांसमोर येतो. इथे नेमकं उलट असतं. शाई खाचेत भरतात, पत्र्याचा वरचा भाग पुसून घेतात, मग ओलसर कागद दाबला की तो खाचेतली शाई उचलतो. म्हणून ‘ठसा’ही नको, ठशाची शाई उंचवट्याला लागते. जवळचा शब्द घरातच आहे: भांड्यावर नाव घालणे. आजीच्या तांब्यावरच्या नावावरून नख फिरवलं की खाचेत अडकतं, अगदी तसंच.

— ताम्रपटांना आपण ‘उत्कीर्ण लेख’ म्हणतोच. तेव्हा कोरणीने तांबं काढून केलेल्या रेघेला ‘उत्कीर्णन’ शोभतं. पण ‘तीन झाडे’ नुसतं कोरणीचं नाही. बहुतेक काम आम्लाचं आहे. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात ठेवायचा. उघडं पडलेलं तांबं तेवढं आम्ल खातं. ‘अम्लरेखन’ हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात रेघ कोणी काढली ते कळतं. शिवाय काही ठिकाणी रेम्ब्रांटने सुईने थेट तांब्यावर ओरखडे काढलेत. ओरखड्याच्या कडेला तांबं किंचित उचलतं, तिथे शाई अडकते आणि रेघ मऊ, मखमली उमटते.

चित्र जेमतेम २१ × २८ सेंमी. डावीकडे पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस, शेजारी एक बाई, लांबवर ॲमस्टरडॅम. उजवीकडे खाली झुडपात एक जोडपं आहे. रेघा तिथे इतक्या दाट आहेत की मला ते दुसऱ्या दिवशी दिसलं!

— मग चित्राखाली काय लिहू?

— ‘अम्लरेखन, जोडीला कोरणी आणि सुईचे ओरखडे’. लांब वाटलं तरी असंच लिहा. एकच शब्द हवा असेल तर ‘अम्लरेखन’ ठेवा, ‘कोरीवकाम’ मात्र काढाच.

— काढलं. जोडपंही सापडलं, भिंग लावून.