हसण्याचीही हजेरी?

न्यूजर्सीकर (मूळ लेख)
कालच्या धाग्यावर एका सदस्याने नर्सिंग होममधील उपक्रमांच्या हजेरीला ‘कागदी घोडे’ म्हटले, आणि नऊ वर्षे तेच घोडे नाचवत आल्यामुळे मला गप्प बसवले नाही. आमच्याकडच्या एक आजी तीन आठवडे सकाळच्या वृत्तपत्रवाचनाला ‘नको’ म्हणत होत्या. सगळ्यांनी वयावर ढकलले. तक्ता पाहिला, तर दुपारचे बागकाम त्यांनी एकदाही चुकवले नव्हते. श्रवणयंत्र तपासले, ते बंद पडलेले निघाले. नोंद नसती, तर हे कोणाच्या लक्षात आले असते?

बिंगोग्रस्त सून
‘कागदी घोडे’ मीच म्हटले होते आणि अजूनही म्हणते. माझ्या सासूबाई एका महिन्यात अकरा वेळा बिंगोला ‘उपस्थित’ होत्या. एकदा न कळवता गेले, तर त्या चाकाच्या खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेल्या, समोर कोरे कार्ड, आणि शेजारची मुलगी टॅबलेटवर खुणा करीत होती.

न्यूजर्सीकर
ते चूकच, त्यासाठी आमच्याकडे ‘निष्क्रिय सहभाग’ असा वेगळा रकाना आहे. परंतु अमेरिकेतील १९८७च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने प्रत्येक रहिवाशाचे मूल्यमापन बंधनकारक केले असून, आवडीनिवडींच्या मुलाखतीत पुस्तके, संगीत, प्राणी, मोकळी हवा, धार्मिक विधी यांविषयी एकेक करून विचारतात, आणि रहिवाशाला सांगता येत नसेल तर घरच्यांना विचारतात. तेव्हा आपण काय सांगितले होते?

बिंगोग्रस्त सून
वा, म्हणजे आरोपी आम्हीच! संगीत ‘फार महत्त्वाचे’ असे सांगितले, त्यांनी ख्रिसमसची गाणी लावली.

रात्रपाळी
एक माणूस चाळीस जणांमागे धावतो आणि पाळी संपताना आठवेल तशा खुणा करतो, हे दोघींनीही लिहिलेले नाही.

पुणेरी पेन्शनर
मी स्वतः वृद्धाश्रमात राहतो. हास्यक्लबला गेलो नाही की व्हॉट्सॲपवर मुलाला कळते आणि तो दुबईहून ‘बाबा, जरा मिसळत जा’ असे ऐकवतो. पस्तीस वर्षे मस्टरवर सह्या केल्या, आता हसण्याचीही हजेरी द्यायची? त्या वेळात मी जिन्याखालच्या बाकावर शब्दकोडे सोडवत असतो, त्याला रकाना नाही.

न्यूजर्सीकर
काका, नकार हा आपला हक्क आहे. तो नोंदवायचा, तो चहाडी म्हणून नव्हे, तर त्याऐवजी काय हवे हे विचारता यावे म्हणून.

पुणेरी पेन्शनर
मला कोणी विचारले नाही. आपल्याकडे विचारत असतील, तर आपले अभिनंदन. परंतु ज्याची नोंद होते त्याला ती दाखवण्याची पद्धत आपल्याकडे तरी आहे का?

न्यूजर्सीकर
मागितल्यास दाखवावीच लागते. आपण होऊन दाखवत नाही, हे मान्य करते.

बिंगोग्रस्त सून
मग सासूबाईंच्या काळजीची आखणी करणाऱ्या पुढच्या बैठकीत मी तक्ता मागणार, आणि ‘भजन’ हा शब्द त्यांच्यासमोर बसून लिहून घेणार. श्रवणयंत्राचा एक गुण आपल्याला दिला. बिंगोचे अकरा मात्र वजा करा.