मेथी तोडल्यावर टिकवायची कशी?

करवीरचा शेतकरी: दुपारी तोडलेली मेथी पहाटे कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात पोचेपर्यंत पिवळी पडतीय, पेंडीत हात घातला की मधी गरम लागतंय, काय करू?

उत्तर १: भावा, तोडल्यावरबी भाजी श्वास घेतीय, त्याचीच ऊब ती. ऊन उतरल्यावर तोड, ढीग मारू नको, सावलीत सैल पसर, वर ओलं पोतं टाक, पण पाणी निथळल्याशिवाय भरू नको, सडतीय.

उत्तर २: भाजी गार ठेवायला शीतकक्ष बांध: विटांच्या दोन भिंती, मधी वाळू, तिला सकाळ-संध्याकाळ पाणी; ते सुकताना आतली जागा गार ऱ्हातीय. लाईट लागत नाही, उन्हाळ्यात लई भारी, पावसाळ्यात हवा दमट म्हणून उपयोग कमी.

उत्तर ३: पिकल्या केळ्यांशेजारी ठेवू नका, त्यांतनं सुटणाऱ्या इथिलीन गॅसनं पानं पिवळी पडतात.

करवीरचा शेतकरी: केळी शेजारीच हुती की! आजच हलवतो.