कसोटीच्या काळात देवावरचा भरवसा: तुमच्याकडे काय करतात?

गोदाकाठ: मृग कोरडा गेला, आर्द्राही निम्मी सरली. आज देवळात खुंटीवरची वीणा दिसली आणि जुन्या दुष्काळातले सप्ताह आठवले. पाणी टँकरचं, पण वीणा खाली आली नव्हती. असल्या वक्ताला भरवसा टिकतो तो कशानं? गाव नेमकं करतं काय, ते लिहा. नुसतं "श्रद्धा ठेवा" नको.

टाळकरी: सप्ताहात वीणा अखंड धरायची, पाळीपाळीनं, दोन तासांचा पहारा. दिवसाला १२, सात दिवसांचे ८४. वीणा गळ्यातून गळ्यात जाते, टेकवायची नाही. घोळ होतो तो रात्री २ ते ४ ला. यादीत आठ नावं, हजर एकटा वीणेकरी. त्या पहाऱ्याला माणसाचं नाव लावूच नका, गल्लीचं लावा. गल्ली एकमेकाला उठवते. पारायणाचं म्हणाल तर ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९०३३, म्हणजे रोज १३०० च्या आसपास. पहिल्या दिवशी हौसेनं ओढतात आणि पाचव्या दिवशी घसे बसतात.

बीडची_लेक: दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला. पहाऱ्याला माणूस कुठला हो?

टाळकरी: ताई, म्हणून तर तिकडं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोड संपल्यावर सप्ताह धरतात, चैत्र-वैशाखात. दिवसाचे पहारे बायांना द्या, चांगले चालतात.

काळी_माती: सप्ताह करा, पण देवावर भरवसा म्हणून कोरड्यात सोयाबीन टाकू नका. ७५ ते १०० मिमी पडू द्या, वाफसा येऊ द्या. मोबाइलवरचा पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या ठिकाणचा असतो, तुमच्या शिवाराचा नव्हे. खोऱ्यानं खणून ओल वीतभर गेली का बघा. घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत ठेवून गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, सातव्या दिवशी मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो, ६० उगवले तर ३५. सोयाबीनचं टरफल पातळ, पोतं गाडीवरून आपटलं की उगवण गेलीच. आणि ३-४ सेंमीच्या खाली पेरू नका.

नाना_लातूर: चाड्यावर मूठ धरताना पांडुरंगाचं नाव. मोजणी त्याच्या आधी 😄

रिकामटेकडा: परीक्षा देव घेतो म्हणतेत. धूळपेरणीवाले उलटी देवाचीच घेतेत

माळवद: किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. गणपती विसर्जन करून माणसं नुकती आडवी झालेली. "बाप्पानं का नाही वाचवलं" हे किल्लारी पट्ट्यात अजून निघतं. देवाला जरूर विचारा, भिंतीलाही विचारा. दगड-मातीची जाड भिंत, आरपार दगड नाही, वर माळवदावर वर्षानुवर्षं टाकलेली फूट-दोन फूट माती. भिंत फाकली की ओझं थेट अंगावर. जुनं माळवद अजून वापरात असेल तर आधी ती माती उतरवा. भिंतीत आडवे चार फुटांवर आणि उभे दोन फुटांवर आरपार दगड घाला, दाराच्या वरच्या अंगाला चारी भिंतींना सलग काँक्रीटची पट्टी फिरवा. नवस त्यानंतर.

बीडची_लेक: 🙏 बरोबर लिहिलंत दादा.

पैठणकर: एकनाथ महाराजांवर १०८ वेळा थुंकल्याची कथा कीर्तनात थुंकणाऱ्यावरच जास्त रंगते. नाथ दर वेळी पुन्हा आंघोळीला गोदेत उतरले, तिथं थांबा की! नेम म्हणतात तो हाच. आणि एक, तेरच्या गोरोबांची गोष्ट लेकरू गेलेल्या घरी सांगायची नसते. तिथं दहा दिवस डबा पोचवा, हरिपाठ ओट्यावर बसून म्हणा. म्हणायला लावू नका.

नाना_लातूर: डब्याचं पटलं. पहिल्या दिवशी पाच डबे, चौथ्या दिवशी एकही नाही, असं होतं. वार वाटून घ्यावेत.

गोदाकाठ: टाळकरी, पाणी नसताना काल्याच्या पंगतीचं काय करता?

टाळकरी: पोळ्या-आमटी सोडा. खिचडी, पत्रावळीवर. भांडी धुवायचं पाणी वाचतं. १०० माणसांना तांदूळ ७, डाळ ३ किलो.

रिकामटेकडा: आमच्याकडची माणसं बघता तांदूळ १० धरा

टाळकरी: मग डाळही ४ करा, नाहीतर पांढरी होते.

बीडची_लेक: शेंगदाणे टाकता का त्यात?