मदत हवी आहे : सतरा वर्षांच्या भाच्याने मुद्रांकावर केलेला करार त्याच्यावर बंधनकारक ठरतो का?

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी कोल्हापुरातील एका दुकानातून लग्नसमारंभाच्या चित्रीकरणासाठी एक जुना कॅमेरा आणि दोन लेन्स 85,000 रुपयांना हप्त्यांवर घेतल्या. करार झाला त्या दिवशी त्याचे वय 17 वर्षे 4 महिने होते, मात्र मुद्रांकावर त्याने स्वतःला सज्ञान म्हणवून घेतले आणि दुकानदारानेही आधार कार्ड पाहिले नाही. त्याचे वडील हयात नाहीत. माझ्या बहिणीने त्याच कागदावर सही केली आणि आपल्या खात्याचे दोन कोरे धनादेशही दिले.

आजवर 40,000 रुपये भरून झाले आहेत. व्याज धरून आणखी 70,000 रुपये द्यावेत, शिवाय तीन वर्षे प्रत्येक लग्नाच्या ऑर्डरमधील निम्मी रक्कम दुकानाला द्यावी, अशी अट त्या करारात असल्याचे आम्हाला आता कळले. भाचा 18 वर्षांचा होताच दुकानदाराने ‘मी सज्ञान झालो असून पूर्वीचा करार मला मान्य आहे’ असा दुसरा कागद त्याच्याकडून लिहून घेतला आणि आता तो फसवणुकीची तक्रार करण्याची भाषा करत आहे.

सातबाऱ्यावरची ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालक कर्ता, म्हणजे 18 वर्षांखालील मालकाच्या वतीने पालक) ही नोंद आम्हा शेतकरी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे, त्यामुळे अज्ञान मुलाच्या जमिनीचा व्यवहार परस्पर होत नाही एवढे आम्हाला ठाऊक होते. पण हाच विचार कॅमेऱ्याच्या कागदाला लागू होतो हे बहिणीच्या ध्यानात आले नाही. दुकानदाराला बुडवावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. मुलाने वय खोटे सांगितले ही त्याची चूकच आहे आणि कॅमेरा आम्ही परत देऊ. परंतु त्याची तीन वर्षांची कमाई त्या कागदाने बांधली जाते का, आणि बहिणीचे काय होईल, याचे कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

1872 च्या करार कायद्यातील कलम 11 प्रमाणे करार करण्यासाठी व्यक्ती सज्ञान असावी लागते आणि 1875 च्या सज्ञानता कायद्यानुसार ते वय 18 वर्षे आहे. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) 1903 मध्ये अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने अस्तित्वातच नसलेला, ठरवला आणि आजही न्यायालये तेच तत्त्व पाळतात. मुद्रांक वापरल्याने किंवा नोटरी केल्याने या स्थितीत फरक पडत नाही. जे मुळातच शून्य आहे त्याला नंतर मान्यता देऊन जिवंत करता येत नाही, म्हणून केवळ जुन्या व्यवहारापुरता असलेला दुसरा कागदही टिकू नये. मात्र 18 पूर्ण झाल्यानंतर भाच्याने नवीन सामान किंवा पैसे घेतले असतील तर तो प्रश्न वेगळा होईल, तेवढे आधी तपासा.

वय खोटे सांगितले म्हणून करार वैध होत नाही. मात्र 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातील कलम 33 नुसार मुलाला जो लाभ झाला त्या मर्यादेत तो परत करण्यास न्यायालय सांगू शकते, म्हणून कॅमेरा देण्याचा आपला विचार कायद्याच्या दृष्टीनेही योग्य आहे. कॅमेरा ही मुलाची गरजेची वस्तू होती असे दुकानदार करार कायद्यातील कलम 68 च्या आधारे म्हणेल, परंतु ते सिद्ध झाले तरी मागणी मुलाच्या मालमत्तेपुरतीच राहते, त्याच्यावर व्यक्तिशः जबाबदारी येत नाही. भरलेली रक्कम परत मिळेल या आशेवर मात्र राहू नये, कारण कॅमेरा इतके महिने वापरला गेला आहे.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या बहिणीची. त्या सज्ञान आहेत, आणि त्यांनी जामीनदार म्हणून सही केली असेल तर मुलगा अज्ञान होता या कारणावर त्यांची जबाबदारी सुटेल असे गृहीत धरू नका. साक्षीदार म्हणून सही असेल तर परिस्थिती बरीच बदलते. धनादेश न वटल्याची नोटीस आली तर रक्कम देण्यासाठी फक्त 15 दिवस असतात, म्हणून ती न उघडता ठेवू नये. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कसबा बावड्यातील न्यायसंकुलात जाऊन अर्ज करावा.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनःपूर्वक आभार. कागद पुन्हा वाचला. बहिणीची सही ‘साक्षीदार’ या शब्दाखाली आहे आणि 18 पूर्ण झाल्यावर भाच्याने नवीन काही घेतलेले नाही. सोमवारी आम्ही बावड्याला जाणार आहोत. कॅमेरा परत देताना कोरे धनादेश परत मिळाल्याचा उल्लेख असलेली पोचपावती कोणत्या शब्दांत लिहून घ्यावी, हे कोणी सांगू शकल्यास सोमवारपूर्वी कळवावे.