माइल्सचे नियम बदलणार: वापरून टाकू की थांबू?

मागच्या आठवड्यात विमान कंपनीचा ईमेल आला. विषय होता, 'आता आणखी सोपं, आणखी फायदेशीर!' असं काही वाचलं की माझ्या पोटात गोळाच येतो. खाली बारीक अक्षरात खरी गोष्ट होती: यापुढे माइल्स (प्रवासावर मिळणारे पॉइंट्स, जे देऊन पुढचं तिकीट काढता येतं) किती अंतर उडलात त्यावर नाही, तिकिटाला किती पैसे मोजलेत त्यावर मिळणार. टिअर, म्हणजे सदस्यत्वाची श्रेणी, टिकवायलाही खर्चाचीच अट. माझ्या खात्यात साठेक हजार माइल्स पडून आहेत. ज्यांनी असे बदल पचवलेत त्यांनी लिहा. नुसती चिडचिड नको, पुढे काय केलंत तेही सांगा.

*

आईबाबांना एकदा तरी बिझनेस क्लासने न्यायचं म्हणून मी पाच वर्षं माइल्स साठवले. वहीत तक्ता होता: अमुक टप्प्याला अमुक माइल्स. एके दिवशी कंपनीने तो तक्ताच काढून टाकला. आता मागणीप्रमाणे भाव. बदलाआधी महिनाभराची मुदत दिली होती, पण त्या महिन्यात माझ्यासारखे सगळेच अवॉर्ड सीटवर, म्हणजे माइल्स देऊन मिळणाऱ्या जागांवर, तुटून पडले. शेवटी दोन सीट मिळाल्या, त्याही वेगवेगळ्या दिवसांच्या. आई आदल्या दिवशी गेली, बाबा दुसऱ्या दिवशी. ज्यासाठी एवढा आटापिटा केला, तो एकत्र प्रवास झालाच नाही. बाबा मात्र अजून त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीचं वर्णन करतात.

*

शिव्या घालू नका, पण माझा फायदाच झाला. ऑफिस आयत्या वेळी महागडी तिकिटं काढतं, तीही जवळच्या जवळची. पूर्वी अंतर कमी म्हणून चिल्लर मिळायची. फक्त एक बघा, माइल्स बहुधा मूळ भाड्यावर मिळतात, करांवर नाही. तिकिटाची एकूण रक्कम धरून हिशेब मांडलात तर फसाल.

*

हे आजचं नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अ‍ॅडव्हांटेज ही माइल्सची योजना सुरू केली तेव्हा हिशेब सरळ होता, जितकं उडाल तितके माइल्स. डेल्टा आणि युनायटेड २०१५ मध्ये खर्चावर गेल्या, अमेरिकन २०१६ मध्ये, ब्रिटिश एअरवेज २०२३ मध्ये. पण ओरडा केल्याचा उपयोग होतो बरं का. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये टिअर आणि लाउंजच्या अटी कडक केल्या, सदस्य खवळले आणि पुढच्याच महिन्यात त्यांतल्या काही अटी सैल कराव्या लागल्या. मी तेव्हापासून प्रत्येक बदलावर फीडबॅक पाठवते. उत्तर ठरावीक साच्यातलं येतं, तरी पाठवते.

*

माझे माइल्स बदलाआधीच गेले. काही कंपन्यांत खात्यात थोडी हालचाल ठेवली की मुदत वाढते, म्हणून मी भागीदार हॉटेलात एक रात्र राहिलो. आमच्या कंपनीत तो नियमच नव्हता! मिळवल्यापासून ठरावीक महिने झाले की संपले. हॉटेलचे पैसे गेले ते वेगळेच.

*

धागाकर्तीसाठी: रद्द केल्यावर माइल्स परत मिळतात का आणि शुल्क किती, ते आधी बघा. परत मिळत असतील तर जुन्या भावात पुढच्या तारखेचं तिकीट आत्ताच काढून ठेवा. नंतर तारीख बदललीत तर बहुतेक नवा भाव लागेल. आणि सीट समोर दिसल्याशिवाय क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स तिकडे वळवू नका. एकदा गेले की सहसा परत येत नाहीत. मी घाईत वळवले होते, अजून तिथेच अडकलेत.

*

धागाकर्ती: काल रात्री दीड वाजता तिकीट काढलं, रद्द करता येणारं. खात्यात १,२४० माइल्स उरलेत. एवढ्यात काय मिळतं म्हणून पाहिलं, तर एका मासिकाची वर्गणी. तिलाही ६० कमी पडतायत.