शाळेला निघताना रोज पोटात दुखतं, मुलीला पाठवू की घरी ठेवू?

मनस्वी:
मुलगी आठ वर्षांची आहे. सध्या रोज सकाळी दप्तर भरून झालं की पोटात दुखायला लागतं, कधी मळमळतं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल आहे आणि सुट्टीच्या दिवशी काहीच होत नाही. रात्री "तू न्यायला येशील ना? नक्की ना?" हे झोप लागेपर्यंत चालू. घरचे म्हणतात नाटकं आहेत, लक्ष देऊ नकोस. मला तसं वाटत नाही, पण रोज घरी तरी कसं ठेवणार?

निळाई:
नाटक नाहीये हो ते. घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, त्यामुळे पोट खरंच दुखतं. तिला हे सोप्या शब्दांत सांगा. आणि श्वास हळूहळू सोडायला शिकवा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, पण हे निवांत असताना करून घ्या, ऐन सकाळी रडत असताना काही शिकवलं तर डोक्यात शिरत नाही.

वाटसरू:
आधी शाळेत काही घडलंय का बघा. कुणी चिडवतंय, बाई ओरडल्या, वर्गात मोठ्याने वाचायची भीती वाटते, असलं काहीतरी. "कुणी त्रास देतं का" असं थेट विचारलं की मुलं नाही म्हणून मोकळी होतात. "मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसलीस" इथून सुरू करा.

आभाळ:
शाळेत खरंच कुणी त्रास देत असेल तर आधी ते थांबवा. तसं नसेल तर घरी ठेवू नका प्लीज. घरी राहिलं की भीती लगेच जाते आणि टाळलं की सुटलो हेच पक्कं होतं, मग उद्या अजून अवघड. पण ओढत नेऊनही उपयोग नाही, पायरीपायरीने घ्या. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाला आवडीचं खायला देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला, शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला. तुम्ही आधी वर्गाच्या दारापर्यंत जा, मग जिन्यापर्यंत, मग गेटपर्यंतच. "येशील ना"ला एकदाच नीट उत्तर द्या, दहादा हो म्हणाल तर ती अकराव्यांदा विचारणारच. त्यापेक्षा "भीती वाटतेय हे कळतंय मला, आणि तुला जमेल हेही माहितीये" एवढंच म्हणा.

मनस्वी:
बाईंशी उद्याच बोलते. काउन्सेलरकडे कधी जायचं?

आभाळ:
झोप, खाणं, खेळणं बिघडलं किंवा शाळा बुडायलाच लागली तर थांबू नका, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सीबीटीचा, म्हणजे भीतीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा, मुलांना चांगला उपयोग होतो, आणि आईवडिलांनाही घरी कसं वागायचं ते सांगतात.